मागच्या अंगणातला पर्गोला आणि चारचं ऊन

फोटोतले पर्गोले (खांबांवर उघड्या पट्ट्या टाकलेले मांडव) बघून मुंबईत पर्गोला बांधायला घेऊ नका, हे आधीच सांगते. ते बहुतेक फोटो थंड देशांतले असतात, जिथे लोक उन्हासाठी तळमळतात. आपल्याला ऊन नको आणि पाऊस चार महिने! आमचं गोराईचं रो हाउस, मागे दहा बाय बाराची जागा, पश्चिमेला खाडीची मोकळी बाजू, त्यामुळे मे महिन्यात दुपारी चारला तिथे लादीवर पाय ठेवायची सोय नाही.

म्हणून सगळं डोकं खाल्लं ते वरच्या पट्ट्यांनी. मुंबईत मेच्या मध्यात दुपारी साधारण १२:३५ ला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात ना तोच (जुलैच्या शेवटी परत एकदा येतो पण तेव्हा ढगांमुळे कोणाला पत्ता लागत नाही). तेव्हा पट्ट्या कशाही लावा, ऊन फटीतून सरळ खाली येणारच, त्याला वेल हाच इलाज. पण चारचं ऊन अडवता येतं. पट्ट्यांची लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची आणि त्या सपाट न टाकता उभ्या धारेवर लावायच्या. पट्टी चार इंच उंच आणि मधली फट पण चार इंच ठेवली की सूर्य ४५ अंशांच्या खाली उतरल्यावर ऊन आत येतच नाही, मेमध्ये ते साधारण पावणेचारच्या पुढे होतं. फॅब्रिकेटर म्हणाले, "ताई, सगळे सपाटच लावून घेतात, माल पण कमी लागतो." म्हटलं दादा, मला चारचा चहा तिथे प्यायचाय.

बाबांना सागवान हवं होतं. दिसायला प्रश्नच नाही, पण किंमत ऐकून तेच गप्प झाले, शिवाय दरवर्षी पावसाआधी तेलपाणी कोण करणार. मग जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप, खांब तीन बाय तीन इंचाचे. फॅब्रिकेशनवाले किलोवर रेट लावतात, त्यामुळे पाइपची जाडी किती मिमी ते कोटेशनमध्ये लिहूनच घ्या, नाहीतर स्वस्त कोटेशन म्हणजे पातळ पाइप.

वेल्डिंग करताना मात्र मी उभी राहिले. जीआयवर वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो, सांध्याभोवती काळपट-पांढुरकी राख धरते, आणि त्यावरच रंग मारून टाकला तर खाडीच्या खाऱ्या हवेत गंज पहिला तिथूनच फुटतो. वायर ब्रशने घासायचं, झिंक स्प्रे मारायचा, मग प्रायमर. पाइपची तोंडं पण झाकून घ्यायची, नाहीतर पाणी आत साचून पाइप आतून सडतो आणि बाहेरून काही दिसत नाही. खांब लादीवर थेट बसवले नाहीत, खाली काँक्रीटचा पाया आणि लादीच्या वर चार इंचाचा ओटा करून त्यावर बेस प्लेट. जुलैत तिथे पाणी तुंबतं, कारण उतार गेटकडे आहे आणि गटार मागे, बिल्डरची कृपा.

वेल मधुमालती. भराभर चढते, फुलं पांढरी उमलतात, मग गुलाबी, मग लाल. बोगनवेल मला आवडते पण काट्यांखाली खुर्ची टाकून कोण बसणार? पहिल्या पावसात एका खांबावर दोडका पण सोडणार आहे, मधुमालती भरेपर्यंत तेवढीच सावली आणि भाजी.

वर पॉलिकार्बोनेट शीट टाकायची नाही असं माझं पक्कं आहे. एकतर पावसात ताशासारखं वाजतं, वेलीचा पालापाचोळा वर अडकून कुजतो, आणि सोसायटीने लेखी परवानगी दिलीय ती उघड्या पर्गोल्याला, छपराला नाही. शिवाय मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ आठवा, कुलाब्याला वारा ताशी शंभर किमीच्या वर गेला होता, उघड्या पट्ट्यांमधून वारा निघून जातो, शीट असली की तो खालून उचलतो. बाबांना हे सगळं पटतं, तरी रोज विचारतात, "मग पावसात कपडे कुठे वाळत घालायचे?" म्हटलं गॅलरीत दोरी आहे की. तर म्हणे, गॅलरीत तुझ्या कुंड्या आहेत.