बाईंची पट्टी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर बाई उभ्या राहिल्या. गणिताच्या बाई, आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी त्याच. संमेलनं, सहली यांवर इतरजण लिहितीलच.

आठवीत एका ऑफ तासाला बाई जुन्या उत्तरपत्रिकांच्या कापलेल्या पट्ट्या घेऊन आल्या. फळ्यावर २१३ गुणिले ३२. वहीत २१३ लिहायचे आणि पट्टीवर ३२ उलटे, म्हणजे २३. पट्टी उजवीकडून एकेक घर आत सरकवायची. समोरासमोर येतील त्या अंकांचे गुणाकार करून बेरीज घ्यायची. ६, ११, ७, ६. हातचा धरला की ६८१६.

मागच्या बाकावरच्या एकाने पट्टीवर ३२ तसेच लिहिले. उत्तर आलं ४८९९. वर्ग हसला. बाईंनी त्याची वही हातात घेतली, शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, “हसता काय? गुणाकार बरोबर आहे याचा. फक्त ३२ चा नाही, २३ चा आहे.” आम्ही करून पाहिलं, तर खरंच! मुलाच्या उत्तराकडे इतक्या आदराने पाहणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

इंजिनिअरिंगला ‘कॉन्व्होल्यूशन’ आलं. शब्दकोशात अर्थ होते वेटोळं, गुंता, मेंदूच्या वळ्या. मुलं नावानेच धास्तावली. सूत्र मात्र सांगत होतं: एक फलन (फंक्शन) उलटा, दुसऱ्यावरून सरकवा, गुणा, बेरीज करा. ही तर बाईंची पट्टी!

आज मी सीटी स्कॅनच्या प्रतिमांवर काम करतो. निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणांच्या छाया तशाच एकमेकींवर रचल्या तर चित्र धूसर येतं. आधी प्रत्येक छायेचं कॉन्व्होल्यूशन करावं लागतं. ही रीत १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या आपल्याच शास्त्रज्ञांनी मांडली. त्यांच्या नावाचा ‘राम-लॅक’ फिल्टर, म्हणजे त्या पट्टीवरचे ठरावीक आकडे, आजही वापरात आहे. हल्लीच्या न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रणालींत, तर बहुधा पट्टी उलटतही नाहीत, पट्टीवरचे आकडे संगणक स्वतःच शिकतो. तरी नाव कॉन्व्होल्यूशनच. तेव्हा मागच्या बाकावरचा तो मित्र हटकून आठवतो.

आठवीचा तो वर्ग पाडला, हे ऐकून वाईट वाटलं. नव्या इमारतीतल्या गणिताच्या खोलीला बाईंचं नाव द्यावं, अशी समितीला मनापासून विनंती आहे. फलकाचा आणि मुलांसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा खर्च मी देईन.