अर्टिगाले हेल्मेट

आमची अर्टिगा बाबांच्या नावावर, एमएच ३७ म्हणजे वाशीम पासिंग. चलानचा मेसेज कधीच आला नाही म्हणून घरात सगळे निवांत, पण येणार कुठून, कागदपत्रं करणाऱ्या एजंटनं आरसीवर स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून ठेवलेला! हे कळलं गाडी विकायला काढली तेव्हा. घेणारा कारंज्याचा, पक्का माणूस, म्हणे "काकाजी, चलान किती पेंडिंग हाय ते पाहा आधी, भावाचं मंग बोलू."

तेव्हाच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल फिरत होती. शेजारचे काका ती उघडायच्या बेतातच होते, मी मोबाइल हिसकला त्यायच्या हातातून. ते इन्स्टॉल झालं की ओटीपी चोरांकडं अन् खातं साफ. चलान अशा फाइलमधून येत नसते बाप्पा, जीओव्ही डॉट इन वाली साइटच पाहायची.

मी ट्रॅफिक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर गाडी नंबर अन् चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले, दोन चलान निघाले. पहिलं समृद्धीवरचं, ओव्हरस्पीड, २००० रुपये. तिथं कारला १२० ची लिमिट, अन् त्या दिवशी गाडी चुलतभावाकडं होती, नागपूरहून येत होता. फोटोत गाडी आमचीच, नंबर स्वच्छ दिसते, वाद घालून काय उपयोग. यूपीआयनं भरले, पावती ठेवली, भाऊकडून पैसे अजून यायचेच आहेत.

दुसरं पुण्याचं, विना हेल्मेट, ५०० रुपये. अर्टिगाले हेल्मेट! बाबा म्हणे "आणतो एक, टपावर बांधून देऊ." फोटो मोठा करून पाहिला तर स्कूटर, प्लेट चिखलानं माखलेली, १ चा ७ वाचलेला. सगळे म्हणत होते पाचशेसाठी काऊन डोकं लावतं, भरून मोकळा हो. मी नाही भरले. एकदा भरले म्हणजे कबूल केल्यासारखंच, अन् तो स्कूटरवाला पुन्हा कॅमेऱ्यात आला की पुन्हा आपल्याच नावावर. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकली, सोबत आरसी अन् गाडीचा समोरून फोटो, मजकूर एकच ओळ, फोटोतली गाडी दुचाकी आहे, आमची चारचाकी आहे. रामायण लिहायचं नाही, वाचणाऱ्याला फोटो पाहूनच कळते. वेळ लागला, अधूनमधून स्टेटस पाहत राहिलो कारण तसंच पडून राहिलं तर लोकअदालतीची नोटीस येते, शेवटी ते यादीतून गेलं.

खरा ताप मोबाइल नंबरचा झाला. गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायचा ओटीपी आरसीवरच्या नंबरवर जाते, म्हणून आधी परिवहनच्या साइटवर चेसिस, इंजिन नंबर, रजिस्ट्रेशनची तारीख टाकून बाबांचा नंबर चढवला. गावात नेटवर्क असं की ओटीपी येईपर्यंत त्याची मुदतच संपे, मग बाबा मोबाइल घेऊन गच्चीवर अन् मी खाली लॅपटॉपवर, ते वरून आकडे ओरडून सांगत होते, अर्ध्या गल्लीले पाठ झाले असतील.

मोटरसायकलवर काही निघालं नाही. ट्रॅक्टरवर चलान आहे का ते सोयाबीन निघालं की पाहतो.