शेती दोन

डिसेंबरात आमच्याकडे सगळ्यात जास्त शिव्या वायरमनला, म्हणजे मला पडतात. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याचा पश्चिम भाग, पिंपळनेरच्या आजूबाजूची गावं. या महिन्यात उन्हाळी कांद्याची लागवड चालते. रोप वाफ्यातून उपटलं की ते थांबत नाही, त्याला पाणी लागतं. पाण्याला मोटार लागते आणि मोटारीला लाइट. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री, आलटून पालटून. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन बारं द्यायला जातो, एक कान बिबट्याकडे ठेवून. गंमत अशी की याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग फिरते आणि शिवाजीनगरला सोलरचा मोठा प्रकल्प आहे. लोक मला विचारतात, ही वीज जाते कुठे? मी ठेक्यावरचा वायरमन. मला खांबापुरतं विचारा.

गोष्ट २०२४ ची आहे, १५ डिसेंबरची. रविवार होता आणि आगमनकाळाचा तिसरा रविवार होता. आमच्या ख्रिस्ती मंडळीत पूर्वी हे एवढं काही नव्हतं, नाताळ म्हणजे २४ च्या रात्रीची गाणी आणि २५ चं जेवण. दोन वर्षांपूर्वी नवे पाळक आले, तेव्हापासून नाताळाआधीचे चार रविवार चार मेणबत्त्या लागतात. बांबूच्या कामट्यांचं कडं, त्याला निरगुडीचा पाला, मध्ये मेणबत्त्या. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, ती आनंदाची. पिंपळनेरच्या बाजारात गुलाबी मेणबत्ती काही मिळाली नाही. माझ्या धाकटीने पांढऱ्या मेणबत्तीला शाळेचा गुलाबी खडू घासघासून लावला होता. खालच्या बाजूला रंग धरलाच नव्हता, तिथे तिची बोटं उमटली होती. ती मेणबत्ती त्या दिवशी तीच लावणार होती.

घरात मात्र आनंदाचं फार काही चाललेलं नव्हतं. ठेकेदाराकडून दोन महिन्यांचा पगार थकलेला. किराणावाला अजून बोलत नव्हता, पण वही काढताना जरा जोरात आपटायला लागला होता. बायको लागवडीच्या टोळीत जात होती. एकराचं उक्तं घेतात बाया, दिवसभर ओणव्यानं. रात्री ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि बराच वेळ उठायची नाही. प्रार्थना रोज व्हायची. माझी प्रार्थना त्या दिवसांत खरं तर तक्रार अर्जच होती.

सकाळी सातला फोन आला. शेती दोनच्या लाइनवर जंप तुटलाय, मोटारी चालत नाहीत. शेती दोन हे सबस्टेशनातून शेतांकडे येणाऱ्या एका लाइनचं नाव, आणि जंप म्हणजे खांबावर तारेला तार जोडणारा तुकडा. मी बायकोला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, गाण्यापर्यंत पोचतो. धाकटीने नुसतं बघितलं.

गाडी नाल्याच्या अलीकडेच लावावी लागली, पलीकडे सगळा चिखल. बेल्ट, पकड आणि हातमोजे घेतले आणि पायी निघालो. डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेत वीज असली तर ती जमिनीत उतरवणारा दांडा, गाडीलाच बांधलेला राहिला. लांब आणि जड, म्हटलं लागला तर आणू. हे ‘लागला तर’ लिहिताना आत्ताही बरं वाटत नाही.

शेतात नाना उभे. वय सत्तरीच्या आसपास, डोक्याला मफलर. मागे बारा बाया. रोपाच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या, पण वरच्या जुड्यांची पात मान टाकायला लागलेली. नाना म्हणाले, ‘‘भाऊ, लाइट कव्हय ई? मनं रोप वाळी राह्यनं.’’

सबस्टेशनला फोन लावला. ऑपरेटर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, माझ्यासारखाच ठेक्यावरचा. बदली माणूस आला नव्हता म्हणून रात्रपाळी संपल्यावर तोच दिवसाला बसलेला. शेतात रेंज एक दांडी. मी म्हटलं, शेती दोनचं परमिट दे, म्हणजे लाइन बंद करून चढायची परवानगी. तो काहीतरी बोलला, आवाज तुटला, मग स्पष्ट ऐकू आलं, ‘‘बंद केलंय दादा, चढा.’’

आता एक गोष्ट समजून घ्या. तीन तारांपैकी एकीचा जंप तुटला की थ्री फेजच्या मोटारी बंदच पडतात, पण उरलेल्या दोन तारा जिवंत असू शकतात. म्हणजे परमिट मिळाल्यावर लाइन खरोखर बंद झाली की नाही, हे मोटारींवरून कळायला मार्ग नाही. त्या आधीपासूनच गप्प. माझ्या टेस्टरचा सेल संपून महिना झाला होता. हातात होता तो फक्त त्या पोराचा शब्द.

बेल्ट बांधला. एक पाय खांबावर ठेवला. तिथून खाली बघितलं तर नाना, बाया, रोप सगळं माझ्याकडे बघत होतं. मनात आलं, रॉड आणायला जाऊन येऊन वीस मिनिटं जातील. मी थबकलो हे बघून नाना हसले आणि म्हणाले, ‘‘तू ते येशूवाला शे, तुले काय भ्याव? चढ ना भो, देव शे ना वर!’’

नाना वाईट माणूस नाही. त्यांच्या शेतात माझ्या आजोबांनी सालदारकी केलीय आणि दर दिवाळीला ते आमच्या घरी फराळ पाठवतात. पण ते वाक्य मला लागलं. टोमणा होता म्हणून नव्हे. हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलंय असं वाटलं. पाय खाली घेतला आणि नाल्याकडे चालायला लागलो. मागून नाना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अर्ध्या वाटेत आठवलं. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवाचे दूत तुला झेलतील, असं लिहिलंच आहे. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नको, असंही लिहिलंय म्हणतो. लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना मला येशू जरा घाबरट वाटला होता. नाल्यातल्या गार पाण्यात उतरलो तेव्हा तसं वाटलं नाही. तिथेच आधीच्या रविवारचं प्रवचनही आठवलं. पाळक म्हणाले होते, अख्ख्या पवित्र शास्त्रात योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही. स्वप्नात सांगितलं, तो उठला आणि तसं केलं. बस. मला तो माणूस तेव्हाच आवडला होता. सुतार होता, हत्यारं जागेवर ठेवणारा असणार.

रॉड घेऊन आलो. आधी अर्थिंगची खुंटी ठोकली. खांबाजवळची जमीन कोरडी होती म्हणून बायांच्या कळशीतलं पाणी तिच्या बुडात ओतलं. वायर घट्ट आवळली. खांबावर निम्मा चढलो, बेल्ट अडकवला आणि रॉडचं टोक पहिल्या तारेला लावलं.

आवाज आला तो सुतळी बॉम्बसारखा. डोळ्यांपुढे निळं-पांढरं झालं आणि जळक्या तांब्याचा वास नाकात भरला. खाली बाया किंचाळल्या. मग एकदम शांत. मी बेल्टवर लटकून होतो आणि हात इतके थरथरत होते की रॉड खांबावर टकटक वाजत होता.

खिशात फोन वाजायला लागला. उतरून घेतला. पोरगा म्हणाला, ‘‘दादा, शेती दोन ट्रिप झाला, काय झालं बघा ना तिकडं. तुम्ही कुठं आहात?’’

मी म्हटलं, ‘‘शेती दोनच्या खांबावर.’’

पुढे काही ऐकू आलं नाही. बराच वेळ फक्त श्वास. त्याने शेती एक बंद केला होता.

जंप मी त्याच दिवशी बांधला. पोराला बोर्डासमोर उभं राहून परत बंद करायला लावलं, परत रॉड लावला, आणि अकराच्या सुमारास मोटारी चालू झाल्या. साहेबांना जसं झालं तसं सांगितलं, पोराच्या सलग सोळा तासांच्या ड्यूटीसकट. बोलणी दोघांनाही बसली. नाना त्यानंतर खांबाच्या बुडाशी बसून राहिले होते. मी निघताना त्यांनी माझ्या गाडीच्या डिकीत कांद्याची अर्धी गोणी कोंबली. तोंडाने काही बोलले नाहीत.

प्रार्थनाघरात पोचलो तेव्हा उपासना संपली होती. बायकोने माझे हात बघितले आणि काय ते ओळखलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला पाळक म्हणाले, सगळ्यांसमोर साक्ष दे, देवाने तुला वाचवलं. मी उभा राहिलो, पण शब्द सापडेनात. कारण आमच्यातला एक वायरमन काही वर्षांपूर्वी असाच खांबावर गेला. तोही प्रार्थना करणारा होता, माझ्याहून जास्तच. त्याच्या बायकोसमोर, ती तिसऱ्या रांगेत बसलेली असताना, ‘देवाने मला वाचवलं’ हे मी कसं म्हणू? मग त्याला काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी एवढंच सांगितलं की मला परत जाऊन रॉड आणायची बुद्धी झाली, आणि ती माझी एकट्याची होती असं मला वाटत नाही. मग बसलो. ती वहिनी जाताना माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, ‘‘रॉड गाडीवर ठेवू नको भाऊ. खांद्यावर ठेव.’’

धाकटीने मेणबत्ती विझवून माझ्यासाठी राखून ठेवली होती. घरी ती परत लावली. खडूच्या रंगामुळे ज्योत चरचरत होती आणि थोडा धूर येत होता. पगार जानेवारीत झाला, तोही एकाच महिन्याचा.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, परत शेती दोनला काम निघालं. रॉड खांद्यावर होता. फोन लावला.

‘‘शेती दोन,’’ मी म्हटलं.

‘‘शेती दोन. दो-न. परत सांगा दादा.’’

‘‘शेती दोन.’’

‘‘बंद केला. बोर्डाजवळच उभा आहे, पाटी लावलीय.’’ जरा थांबला. ‘‘पण रॉड लावल्याशिवाय हात लावू नका. माझ्यावर भरवसा ठेवू नका दादा.’’

‘‘ठेवतो,’’ मी म्हटलं, आणि खुंटी ठोकायला बसलो.