फाइव्ह फोर्क्स: नकाशातली आठशे यार्डांची चूक

अमेरिकन यादवी युद्धातल्या लढायांच्या यादीत फाइव्ह फोर्क्स बहुधा दोन ओळींत उरकतात. दक्षिणेचा सेनानी पिकेट मासे खायला गेला होता, उत्तरेच्या शेरिडनने हल्ला केला, संपलं. माशांची गोष्ट खरी आहे, पण लढाई तेवढ्यावर हरली नाही. ती समजायची तर आधी जमीन बघावी लागते.

जागा व्हर्जिनियातली, पीटर्सबर्गच्या नैर्ऋत्येला, डिनविडी काउंटीत. व्हाइट ओक रोड पूर्व-पश्चिम जातो. त्याला उत्तरेकडून फोर्ड्स रोड येऊन मिळतो आणि दक्षिणेकडून आणखी दोन रस्ते, त्यातला एक डिनविडी कोर्ट हाउसचा. अशा पाच वाटा. भोवती सपाट जमीन, दाट झाडी, मधूनच एखादं शेत. टेकडी नाही, नदी नाही. किंमत सगळी फोर्ड्स रोडची, कारण तो हॅचर्स रन हा ओढा ओलांडून साधारण तीन मैलांवरच्या साउथ साइड रेल्वेला जातो. वेल्डन रेल्वे ऑगस्ट १८६४ मध्येच दक्षिणेच्या हातातून गेली होती. पीटर्सबर्गमध्ये दक्षिणेचा सरसेनापती ली याच्या सैन्याला रसद पोचवणारा शेवटचा लोहमार्ग हाच.

३१ मार्च १८६५ ला पिकेटने डिनविडी कोर्ट हाउसपाशी शेरिडनला मागे रेटलं होतं. पण रात्री उत्तरेच्या वॉरेनची पाचवी कोअर (तीन डिव्हिजनांची मोठी फौज) आपल्या पिछाडीवर येतेय हे कळताच तो माघारी फिरला. त्याला हॅचर्स रनच्या पलीकडे थांबायचं होतं आणि बचावासाठी ती जागा निःसंशय चांगली होती. लीला मात्र चौक हवा होता. मग पिकेटने व्हाइट ओक रोडला धरून पावणेदोन मैलांची फळी उभी केली. ओंडके रचायचे, पुढे खंदक खणायचा आणि निघालेली माती ओंडक्यांवर टाकायची. समोरून येणाऱ्याला हे काम पुरेसं होतं.

घोळ डाव्या टोकाला होता. तिथे फळी काटकोनात उत्तरेला वळवली होती, पण फक्त दीडशे यार्डांपर्यंत. तिथून पूर्वेला लीच्या मुख्य मोर्चापर्यंत चारेक मैल मोकळे, मध्ये जेमतेम दक्षिणेच्याच रॉबर्ट्‌सच्या घोडदळाची पातळ साखळी. १ एप्रिलच्या दुपारी उत्तरेच्या मॅकेंझीच्या घोडदळाने ती तोडली आणि पिकेटची सुमारे दहा हजार माणसं एकटी पडली.

शेरिडनचा बेत सरळ होता. घोडदळाने पायउतार होऊन समोरून आणि उजव्या टोकाकडून शत्रूला गुंतवून ठेवायचं, आणि वॉरेनच्या बारा हजार पायदळाने तो डावा कोपरा फोडायचा. पायदळ यायला मात्र उशीर झाला. तीन दिवसांच्या पावसाने ग्रॅव्हली रन फुगला होता, त्यावरचा पूल मोडलेला होता आणि रात्रीच्या अंधारात चाळीस फुटांचा नवा पूल बांधल्याशिवाय वॉरेनच्या हाताखालच्या एअर्सच्या डिव्हिजनला हलता येत नव्हतं. शेरिडन मध्यरात्रीपर्यंत मदत येईल असं धरून बसला होता, ते त्या ओढ्यापाशी शक्यच नव्हतं.

चारच्या सुमारास कोअर निघाली. डावीकडे एअर्सची डिव्हिजन, उजवीकडे क्रॉफर्डची, तिच्यामागे ग्रिफिनची. नकाशात कोपरा ग्रॅव्हली रन चर्चचा रस्ता व्हाइट ओक रोडला मिळतो तिथे दाखवला होता. प्रत्यक्षात तो सातशे-आठशे यार्ड पश्चिमेला होता. त्यामुळे पायदळाने रस्ता ओलांडला तेव्हा समोर कोणीच नव्हतं आणि एअर्सच्या डाव्या बगलेवर गोळ्या यायला लागल्या. त्याने चालती डिव्हिजन डावीकडे वळवली आणि थेट कोपऱ्यावर घातली. झाडीत, माऱ्याखाली हजारो माणसांची ओळ अशी फिरवणं किती अवघड असतं! त्यात ब्रिगेडप्रमुख विन्थ्रॉप पडला. ओळ डगमगायला लागली तेव्हा शेरिडन आपला झेंडा हातात घेऊन तिच्यापुढे गेला आणि घोड्यासह ओंडक्यांच्या भिंतीवरून आत उतरला. रॅन्सम आणि वॉलेस यांच्या ब्रिगेडी तिथेच कोलमडल्या.

क्रॉफर्ड मात्र सरळ उत्तरेकडे जंगलात निघून गेला, त्याच्यामागे ग्रिफिनही. वॉरेन त्यांना वळवायला स्वतः मागे धावला. ग्रिफिन वळून पिकेटच्या पिछाडीवर आला आणि क्रॉफर्ड थेट फोर्ड्स रोडवर, म्हणजे माघारीच्या वाटेवरच. नकाशा बरोबर असता तर तिन्ही डिव्हिजन कोपऱ्यावरच आदळल्या असत्या आणि पिकेटचं बरंचसं सैन्य उत्तरेला निसटलं असतं, असं मला वाटतं.

आता मासे. दक्षिणेच्या घोडदळातल्या रॉसरने नॉटोवे नदीतून शॅड धरून आणले होते. दुपारी दोनच्या सुमारास पिकेट आणि त्याच्या घोडदळाचा प्रमुख फिट्झह्यू ली (सरसेनापती ली वेगळा) हॅचर्स रनच्या उत्तरेला रॉसरच्या तळावर गेले. रॉबर्ट्‌सची साखळी तुटल्याचं फिट्झह्यू लीला निघण्याआधीच कळलं होतं. त्याने आपल्या हाताखालच्या मन्फर्डला बघून यायला सांगितलं आणि स्वतः मासे खायला गेला. मधल्या दाट झाडीमुळे लढाईचा आवाज तळावर पोचला नाही. खरा गुन्हा मागे कोणाकडे सूत्रं आहेत हे न सांगण्याचा होता. कोपरा तुटल्यावर फळी मोडून नवी उभारण्याचा हुकूम सगळ्यांना देणारा कोणी नव्हताच. चौकातल्या तोफांपाशी तेवीस वर्षांचा तोफखान्याचा अधिकारी पेग्रॅम घोड्यावरच राहिला, गोळी लागून पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. पिकेट घोड्याच्या कुशीला झुकून गोळीबारातून परतला तोवर वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

उत्तरेची हानी सुमारे ८३० माणसं, दक्षिणेची तीन हजारांच्या आसपास, त्यातले बहुतेक कैदी. अंधार पडता पडता शेरिडनने वॉरेनला पदावरून काढलं. माझ्या मते हा उघड अन्याय होता, कारण फोर्ड्स रोड बंद करणारी डिव्हिजन वॉरेननेच वळवून आणली होती. १८७९ मध्ये चौकशी मंडळ बसलं, त्याने बऱ्याच अंशी वॉरेनला निर्दोष ठरवलं, पण निकाल जाहीर झाला नोव्हेंबर १८८२ मध्ये. वॉरेन त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारला होता.

त्याच संध्याकाळी लीने पिकेटच्या मदतीला अँडरसनला तीन ब्रिगेडी घेऊन पाठवलं. म्हणजे आधीच ताणलेल्या पीटर्सबर्गच्या मोर्चातून आणखी माणसं कमी झाली. २ एप्रिलला पहाटे उत्तरेचा सरसेनापती ग्रँटने सर्वत्र हल्ला चढवला, सहाव्या कोअरने फळी फोडली, लीचा कोअरप्रमुख ए. पी. हिल मारला गेला आणि दुपारी सदरलँड स्टेशनपाशी साउथ साइड रेल्वे तुटली. त्या रात्री लीने पीटर्सबर्ग सोडलं.