विंटर हिल: बंद फाटकामागच्या पायवाटेवरून

इंग्लंडमधल्या हक्काच्या पायवाटांची गोष्ट निघाली की सगळे 1932 मध्ये किंडर स्काऊट डोंगरावर बंदी मोडून चढलेल्या लोकांबद्दल बोलतात. त्याच्या 36 वर्षं आधी बोल्टनच्या गिरणी कामगारांनी स्मिथिल्स इस्टेटीचं फाटक मोडलं होतं आणि गर्दी किंडरच्या कितीतरी पट होती. तरी बोल्टनच्या बाहेर ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मुद्दाम त्याच वाटेने विंटर हिल या डोंगरावर चालायचं ठरवलं.

मँचेस्टरहून बोल्टनला रेल्वेने सहज जाता येतं. तिथून हॅलिवेल रोडने वर चालत जावं. बस मिळते, पण मोर्चा याच रस्त्याने गेला होता. इस्टेटीच्या मालक आईन्सवर्थ घराण्याचा पैसा हॅलिवेलमधल्या कापड पांढरं करण्याच्या (ब्लीचिंग) कारखान्यातला, आणि मोर्चा त्याच वस्तीतून त्यांच्या माळरानाकडे निघाला. एका बाजूची विटांची घरं आणि वर दिसणारा डोंगर पाहत चढताना हे अंतर पायांना कळतं.

वाटेत स्मिथिल्स हॉल लागतो. याचा जुना दिवाणखाना चौदाव्या शतकातला. 1554 मध्ये धर्मोपदेशक जॉर्ज मार्शची इथे चौकशी झाली. त्याने पाय आपटला तेव्हा उमटलेला म्हणून दगडावरचा एक ठसा अजून दाखवतात. पुढच्या वर्षी त्याला चेस्टरजवळ जाळण्यात आलं. आईन्सवर्थांनी 1801 मध्ये ही इस्टेट घेतली आणि 1938 मध्ये ती बोल्टन नगरपालिकेकडे आली. हॉल रोज उघडा असेलच असं नाही, निघण्याआधी वेळ पाहून घ्या.

पुढे स्मिथिल्स डीन रोडवरून कोलपिट रोडला वळायचं. भांडण इथलं. कर्नल रिचर्ड हेन्री आईन्सवर्थने ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी माळरानावर जाणारी वाट बंद केली. लोकांचं म्हणणं साधं होतं: ही पूर्वापार वहिवाट आहे. 6 सप्टेंबर 1896 च्या रविवारी समाजवादी कार्यकर्त्यांनी हाक दिली. पत्रकार सॉलोमन पार्टिंग्टनही त्यात उतरले. शहरातून निघेपर्यंत थोडे असलेले लोक वाटेत वाढत वाढत दहा हजारांच्या घरात गेले. फाटकापाशी पोलीस आणि शिकारीच्या माळरानाचे राखणदार उभे होते. फाटक तुटलं, लोक डोंगर ओलांडून बेलमाँट गावात उतरले. पुढच्या रविवारी गर्दी आणखी मोठी होती.

आईन्सवर्थने सगळ्या लोकांवर नव्हे, पुढाऱ्यांवर दावा लावला आणि 1897 मध्ये तो जिंकला. वहिवाटीच्या साक्षी कामी आल्या नाहीत, वर कोर्टखर्चही पुढाऱ्यांवर बसला. वाटेला कायदेशीर दर्जा मिळाला तो 1996 मध्ये, शताब्दीच्या वर्षी. फाटकाजवळच्या स्मारकशिळेपाशी मी बराच वेळ थांबलो. त्या रविवारी चाललेल्यांपैकी हा दिवस पाहायला कोणी उरलं नसणार. कोर्टात हरलेली बाजू शंभर वर्षं लोकांनी सोडली नाही, आणि या वाटेवर मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

फाटकाच्या पुढे उघडं माळरान सुरू होतं. माथा 456 मीटरचा, त्यावर दूरचित्रवाणीचा उंच मनोरा. मनोरा दिसतोय म्हणून वाट सोडू नका. जमीन दलदलीची आहे, धुक्यात मनोराही नाहीसा होतो. घोट्यापर्यंतचे जलरोधक बूट, होकायंत्र आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचा 1:25,000 चा नकाशा हवाच. वारा सतत असतो, उन्हाळ्यातही वरचा कोट न्या. मनोऱ्याजवळ 1958 च्या विमान अपघातातल्या 35 मृतांची आठवण सांगणारी पाटी आहे, तिथे क्षणभर थांबा. बेलमाँटला उतरलात तर परतीच्या बसची वेळ आधीच पाहून ठेवा, विशेषतः रविवारी.

नकाशा नीट वाचणं इथे फार महत्त्वाचं आहे, कारण दोन वेगळे हक्क शेजारी शेजारी आहेत. हिरव्या तुटक रेषेची वाट हा कायमचा रस्ता. पिवळसर रंगाची जमीन 2000 च्या कायद्याने फिरण्यासाठी खुली झालेली. तिथे वाट सोडूनही चालता येतं, पण फक्त पायी. सायकल किंवा तंबू या हक्कात बसत नाहीत, आणि जमीनमालक वर्षातले काही दिवस ती बंद ठेवू शकतो. 1 मार्च ते 31 जुलै, पक्ष्यांच्या विणीच्या काळात, खुल्या जमिनीवर कुत्रा आखूड दोरीनेच न्यायचा. शेकोटी किंवा बार्बेक्यू अजिबात नको: 2018 च्या उन्हाळ्यात हा डोंगर कित्येक आठवडे धुमसत होता.

नोंदलेल्या पायवाटेवर कुलूप, तार किंवा खोटी ‘खाजगी’ पाटी दिसली तर तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका. फोटो काढा, नकाशावरची जागा टिपून घ्या आणि त्या भागातल्या कौन्सिलच्या पायवाट विभागाला लेखी कळवा. नोंदलेल्या वाटा मोकळ्या ठेवणं ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे.