हरकतींचा शेवटचा दिवस

२०२३ मधली मुंबईतली गोष्ट. दवाखान्यासाठी राखीव असलेल्या एका भूखंडाचं आरक्षण बदलण्याची नोटीस निघाली होती. हरकतींच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या मदत केंद्रात ११२ हरकती जमल्या. त्यातल्या १११ एकाच मजकुराच्या झेरॉक्स, फक्त सह्या वेगळ्या. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली हरकतींना महिनाभर मिळतो आणि बहुतेकदा तो असा सह्या गोळा करण्यात जातो. मजकूर एकच असला की शंभर सह्यांचीही एकच हरकत धरली जाण्याचा धोका असतो.

झेरॉक्स बाजूला ठेवल्या आणि एकेकाला विचारत नव्यानं लिहायला घेतलं. वर नोटिशीचा क्रमांक, तारीख, सिटीएस नंबर, म्हणजे जागेचा नगर भूमापन क्रमांक. तो चुकला तर हरकत कुठल्या जागेची तेच कळत नाही. एका परिच्छेदात एकच मुद्दा. शेवटी ‘प्रत्यक्ष सुनावणी हवी’ ही मागणी. प्रती दोन. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, “दवाखाना हायवेपलीकडं. रिक्षाला जाऊन-येऊन ऐंशी रुपये जातात, म्हणून पोराचा ताप दोन दिवस अंगावर काढते.” हे जसंच्या तसं उतरवलं. नकाशा आखणाऱ्याला हे कुठून कळणार?

मदतीला आलेल्या एका मुलानं विचारलं, “ताई, पण वाचणार कोण?” प्रश्न रास्त होता. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ लाच संपली होती, निवडणूक कोर्टकचेरीत अडकलेली. २२७ प्रभागांत नगरसेवक नाही, आयुक्तच प्रशासक; प्रस्ताव मांडणारे आणि महापालिकेच्या वतीनं मंजूर करणारे एकच. (मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला.) लोकांचं म्हणणं टाळायच्या तऱ्हा दोन. ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी सत्तेवर येताच, १ जानेवारी २०१९ ला, राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषद मोडीत काढली, तिच्यात दोन-तृतीयांश प्रतिनिधी नागरी संघटनांचे होते. हंगेरीत पंतप्रधान ऑर्बान यांच्या सरकारनं उलट घरोघरी प्रश्नावल्या पाठवल्या, पण प्रश्नच असे की उत्तर सरकारला हवं तेच यावं. मला दुसरी तऱ्हा जास्त घातक वाटते. परिषद मोडली तर लोकांना दिसतं तरी. विचारल्याचं नुसतं नाटक झालं, तर पुढच्या वेळी माणूस खिडकीपर्यंतच येत नाही.

म्हणून त्या मुलाला सांगितलं, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. शिक्का, आवक क्रमांक, तारीख. पुढं माहिती अधिकारात ‘या क्रमांकाच्या हरकतीवर काय निर्णय झाला’ एवढंच विचारता येतं, आणि कोर्टात जायची वेळ आली तर हाच कागद लागतो.

खिडकी बंद व्हायच्या आत ४३ हरकती आत गेल्या. मावशींनी आपली पोच दोनदा वाचून घेतली आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत सरकवली.