वचन उघडण्याआधी

बायबलमधलं रोमकरांस पत्र 8:28. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे वचन मी एकदा मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका बहिणीला मोबाइलवर पाठवलं होतं. तिचं बाळ पोटातच गेलं, त्याला आठवडाही झाला नव्हता. तिचं उत्तर आलं नाही. पुढचे चार रविवार ती उपासनेलाही आली नाही. आणि मी प्रार्थनासभेत उभी राहून सांगितलं, "तिचा विश्वास डळमळलाय, तिच्यासाठी प्रार्थना करा."

शेवटी भेटायला गेले तेव्हा तिने एकच विचारलं, "ताई, यात माझं कल्याण कोणतं, ते तू सांगतेस का?"

मला सांगता आलं नाही. ते वचन खरं आहे, यावर माझा तेव्हाही विश्वास होता आणि आजही आहे. पण जिला कुणीतरी जवळ बसायला हवं होतं, तिच्या हातात मी उत्तर ठेवून निघून आले होते. बायबलमधल्या ईयोबाने मुलंबाळं, संपत्ती, सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. तोंड उघडल्यावर चुकलं. मी तर ते सात दिवसही बसले नव्हते.

त्या दिवशी बायबल उघडलं ते तिच्या सांगण्यावरूनच. "काहीतरी वाच, पण समजावू नकोस," म्हणाली. मी स्तोत्र 88 वाचलं. सगळ्या स्तोत्रांमध्ये हे मला फार वेगळं वाटतं, कारण बहुतेक विलापगीतं शेवटाकडे येता येता आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "हे पण बायबलमध्ये आहे?" नंतर आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 5:14 मध्ये पौल तीन प्रकारची माणसं वेगळी काढतो. अव्यवस्थित चालणाऱ्यांची कानउघाडणी करा, अल्पधीराच्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या. हे वचन मला कधीचं पाठ होतं, पण ते मी एका दमात म्हणून मोकळी व्हायचे. समोरचा माणूस या तिघांपैकी कोण, हे आधी ओळखावं लागतं, इकडे लक्षच गेलं नव्हतं. अल्पधीराच्या बहिणीची मी कानउघाडणी केली होती, तीही सगळ्यांसमोर. त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली.

याचा अर्थ दोष दाखवूच नये असा नाही. शास्त्रलेख सद्बोधाला जसा उपयोगी, तसाच दोष दाखवायलाही, हे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे. प्रेमाचं नाव सांगून गप्प बसणं मला आता भित्रेपणा वाटतो.

आमच्या अभ्यासगटात एक तरुण आहे. प्रार्थना इतकी सुंदर करतो की ऐकत राहावं. पण पैशांच्या एका व्यवहारावरून सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलणं बंद. मत्तय 18 मध्ये सांगितलंय तसं, गटात काही न बोलता, मी आणि माझे पती त्याला एकट्यालाच भेटलो. त्याच अध्यायात पुढे निर्दय चाकराचा दाखला आहे: राजाने त्याचं प्रचंड कर्ज माफ केलं, पण त्याने सोबत्याचं छोटं कर्ज सोडलं नाही. तो आम्ही त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितला. आम्ही काहीच बोललो नाही.

मग माझ्या पतींनी एक कागद घेतला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालान्त म्हणजे साधारण 6,000 दीनार. चाकराला माफ झालं ते कर्ज 10,000 तालान्तांचं, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि ज्या सोबत्याचा त्याने गळा धरला, त्याच्याकडे येणं होतं 100 दीनार. शंभर दिवसांची मजुरी.

तो त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शंभर दिवस म्हणजे काही थोडे नाहीत, काका." खरंच थोडे नाहीत. भावाने त्याचं नुकसान केलंय, ते आम्ही नाकारलं नाही. दाखल्यातलं ते 100 दीनारांचं कर्जही खोटं नव्हतंच. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचं पाप दाखवण्यासाठी गरिबाची एकुलती मेंढी हिसकावणाऱ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा "तो मनुष्य तूच आहेस" हेही नाथानालाच म्हणावं लागलं. आम्हाला ते म्हणावं लागलं नाही. तरुणाने मान खाली घातली आणि कागदाची घडी केली.

गलतीकरांस पत्रात चुकलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणायला सांगितलंय. तिथला मूळ ग्रीक शब्द आणि येशूचे शिष्य याकोब-योहान तारवात बसून जाळी नीट करत होते तिथला शब्द एकच आहे. जाळं ओढून नीट होत नाही. एकेक गाठ बोटांनी धरावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

त्याने अजून भावाला फोन केलेला नाही. मागच्या भेटीत बायबल उघडलं तेव्हा तो कागद मत्तयाच्या पानांत दिसला, घड्या मऊ पडलेल्या. आम्ही त्याबद्दल काही विचारलं नाही. निघताना दारात उभं राहून तोच म्हणाला, "माझ्या भावासाठी प्रार्थना करा." दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने भावाचं नाव घेतलं.